तांबं जातं, चांदी येते

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, केरालाही किंमत असते. कानशीचा कीस, लाखेचे तुकडे, भट्टीतली राख, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, या सगळ्यात सोन्याचा अंश असतो आणि केरातून सोनं वेगळं काढणारे झारेकरी त्याच्याच मागे असतात. केर आधी नीट जाळायचा, म्हणजे केस, कागद, लाख आणि तेलकटपणा जातो. चुंबक फिरवून कानशीचं लोखंड उचलायचं. उरलेलं पाण्यात घोळवलं की हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी बसतात. त्यात पारा घालून मळलं की सोनं पाऱ्यात शिरतं आणि पांढरं होऊन दिसेनासं होतं. जाळण्यात हयगय झाली, तेल राहिलं, की पारा फुटतो: त्याचे बारीक मणी होतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि धुताना सोनं घेऊनच निघून जातात. जाड कापडातून जादा पारा पिळून उरलेला गोळा तापवतात. 357 अंशांना पारा उकळतो आणि मागे सच्छिद्र, मळकट सोनं उरतं. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही; विष मात्र पुरेपूर आहे.

या सोन्यात चांदी-तांबं असतंच. शुद्ध करायचं तर त्यात आणखी चांदी घालायची, एक भाग सोन्याला तीन भाग चांदी. ऐकायला उलटं वाटतं. पण चांदी कमी पडली तर सोन्याच्या आड दडलेल्या चांदीपर्यंत तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, पोचत नाही, आणि फार झाली तर सोन्याचा इतका बारीक भुगा होतो की गोळा करता करता जीव जातो. मुशीत वितळवलेला रस पाण्यात सोडून दाणे पाडतात, ते तेजाबात उकळतात. चांदी विरघळते, तळाशी तपकिरीसारखी पूड राहते. हे सोनं आहे यावर नवखा माणूस विश्वास ठेवणार नाही. टाकणखार (बोरॅक्स) घालून 1064 अंशांच्या वर वितळवलं की पिवळा रंग परततो.

खरी गंमत पुढे आहे. चांदी विरघळलेल्या त्या पाण्यात तांब्याची पट्टी बुडवा. पट्टी झिजत जाते, पाणी निळं होतं आणि चांदीचा मऊ, राखाडी साका जमतो. तांबं जातं, चांदी येते. किमयागारांना खुळे म्हणणाऱ्यांनी हे भांडं एकदा पाहावं. चांदी आधीच पाण्यात होती, तांब्याने फक्त तिची जागा घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे कारण शाळेत सांगितलं. डोळ्यांना ते दिसत नाही. मोरचुदाच्या (तांब्याच्या निळ्या क्षाराच्या) पाण्यात लोखंडाचा खिळा टाकला तरी हेच. तेव्हाच्या हंगेरीत, हेरेनग्रुंडच्या खाणीतल्या अशा पाण्यातून काढलेल्या तांब्याचे पेले होत आणि त्यांवर ‘लोखंड होतो, तांबं झालो’ अशा अर्थाच्या ओळी कोरत.

पारा आणि गंधकापासून सगळे धातू घडतात, हे मध्ययुगातला किमयागार जाबिर इब्न हय्यानच्या नावावरचं मतही हवेतलं नव्हतं. आपल्या आयुर्वेदिक रसशाळांतलं रससिंदूर हे औषध पाहा. पारा-गंधक समभाग खलात घोटून काजळीसारखी कज्जली होते. ती कपडमातीचे (माती फासलेल्या कापडाचे) सात थर दिलेल्या काचकुपीत भरून, कुपी वाळूत पुरून आच देतात. 100 ग्रॅम पाऱ्याला खरं तर 16 ग्रॅम गंधक पुरतो. बाकीचा जळून जायचा असतो. तोच गंधक गळ्याशी थिजतो. तापलेली लोखंडी सळई घालून वाट मोकळी ठेवली नाही तर कुपी फुटते. सगळं जमलं की काळ्या पुडीचा लाल खडा गळ्याशी जमलेला मिळतो. द्रव्य तेच, फक्त कणांची मांडणी बदललेली.

किमयागारांच्या खुणांचं मात्र अति कौतुक होतं. गूढ वाटतात, पण निम्मं काम लघुलिपीचं. सात वार, सात ग्रह, सात धातू: रविवारी सोनं, सोमवारी चांदी, मंगळाला लोखंड, बुधाला पारा, गुरूला कथील, शुक्राला तांबं, शनीला शिसं. टिंब असलेलं वर्तुळ म्हणजे सोनं, चंद्रकोर म्हणजे चांदी. जीवशास्त्राच्या पुस्तकातली नर-मादीची चिन्हं म्हणजे मुळात लोखंड आणि तांबं. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने ती अठराव्या शतकात उचलली. 1808 मध्ये रसायनशास्त्रज्ञ डाल्टनने अणूंसाठी पुन्हा वर्तुळंच काढली. छापखान्याला सोयीची अक्षरं आणली ती स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने, काही वर्षांनी. शिशाचं सोनंही आता होतं: सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रात 2015 ते 2018 या काळात जेमतेम 29 पिकोग्रॅम झालं, तेही क्षणभरच टिकलं.

किमयागारांची एक वस्तू अजून दारोदार फिरते. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, म्हणजे आम्लराज. ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणणारा भामटा पाटली त्यातच बुडवतो. पाटली लखलखते, तिचं थोडं सोनं पाण्यात राहतं आणि पाणी त्याच्याबरोबर जातं. घरी गेल्यावर त्यात हिराकस (लोखंडाचा हिरवा क्षार) टाकली की सोनं तळाशी बसतं. पाटली काट्यावर घातली तरच घट कळते, आणि पॉलिशच्या आधी वजन केलेलं असतं कुणी?