तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रॉडबँड दारात आलं, तरी लोक घेत का नाहीत?

खेड्यापाड्यांत ब्रॉडबँडच्या जोडण्या देण्याचं आणि त्याहून जास्त त्या वापरायला शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. हे कळलं की समोरचा माणूस थोडा वेळ ऐकून घेतो आणि मग हमखास विचारतो, "एवढा पैसा ओतून केबल नेली, टॉवर उभे केले, तरी कितीतरी घरं जोडणी घेत नाहीत. त्यांना नकोच असेल तर कशाला गळ्यात मारायचं?"

विचारणारे चांगल्या मनाने विचारतात, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

"मला नको" म्हणणारी माणसं मला फार थोडी भेटली. "मला जमायचं नाही" म्हणणारी पुष्कळ भेटली. पाहणीच्या फॉर्मवर मात्र दोघांची नोंद एकाच रकान्यात होते: इच्छुक नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

एका घरात गेलो होतो. जोडणी देऊन तीन महिने झाले होते आणि त्यातले दोन महिने वापर शून्य. घरात एकट्या राहणाऱ्या आजी होत्या, मुलं दूर. राउटर कपाटावर कापडाखाली झाकून ठेवलेला, बटण बंद. "लाल दिवा लागायला लागला," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असणार. आणखी बिघडू नये म्हणून बंद करून ठेवलं." मी बटण चालू केलं. 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे केबलमधून प्रकाश पोचत नव्हता. कपाट भिंतीला सरकवताना मागची पिवळी केबल काटकोनात दुमडली गेली होती. तिच्यातल्या फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूच्या, ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. ती जोरात वाकली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. कपाट चार बोटं पुढे घेतलं, केबल मोकळी केली, टोक पुसून पुन्हा बसवलं. लाल दिवा विझला आणि हिरवा स्थिर झाला. पाच मिनिटांचं काम.

त्या पाच मिनिटांसाठी आजी दोन महिने गप्प बसल्या, कारण त्यांना वाटलं चूक त्यांची आहे. हिशेबाच्या कागदावर त्या 'इच्छुक नाही'मध्ये गेल्या असत्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांना जोडणी देऊन मीच पुढच्या घरी निघून गेलो होतो.

हे एका घरापुरतं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात शहरी भागातले ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, ग्रामीण भागातले ४८ टक्के. त्या वर्षी जे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते, त्यातले १८० कोटी ग्रामीण भागात राहत होते. आता कोणालाही वाटेल की तिथे सिग्नलच नसेल. पण सगळी लोकसंख्या धरली तर जिथे मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नल मुळीच पोचत नाही अशा भागात जगातले साधारण ४ टक्के लोक राहतात. सिग्नलच्या पट्ट्यात राहूनही मोबाइल इंटरनेट न वापरणारे त्यांच्या जवळपास दहापट आहेत. टॉवरच्या सावलीतली माणसं आहेत ही.

"आधी पोचवू, वापराचं नंतर बघू," असं बैठकांमध्ये नेहमी ऐकतो. मला ते मुळातच चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण पैशाचं आहे. फायबरमध्ये काच महाग नसते, खणणं महाग असतं. घरं विखुरलेली असली की तेवढाच चर थोड्या घरांवर वाटला जातो. शंभर घरांवरून गेलेल्या केबलवर वीसच जोडण्या झाल्या तर प्रत्येक जोडणीवर पडणारा खर्च साठ जोडण्यांच्या तिप्पट. मग दुरुस्तीला माणूस ठेवणं परवडत नाही. एकच माणूस मोठा पट्टा सांभाळतो. तुटलेली केबल आठवडाभर तशीच राहते आणि ज्यांनी घेतली होती तीही घरं सोडतात. वापर वाढला नाही तर पोचवलेलंही टिकत नाही.

इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये २०११ मध्ये गावकऱ्यांनी 'बी फोर आर एन' (ब्रॉडबँड फॉर द रुरल नॉर्थ) ही संस्था काढली. जमीनमालकांनी शेतातून वाट दिली, लोकांनी स्वतः चर खणले आणि दुर्गम वस्त्यांत डाउनलोड आणि अपलोड दोन्हींना सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी नेली. खणण्यातला पैसा वाचला हे सगळे सांगतात. मला त्यातलं दुसरं मोलाचं वाटतं: ज्याने शेजाऱ्याच्या बांधावर कुदळ चालवली, त्याला केबल कुठून गेली हे ठाऊक असतं आणि बिघाड झाला तर हाक कोणाला मारायची हेही. सगळीकडे हे जमेल असं नाही. पण ओळखीचा माणूस हाकेच्या अंतरावर असणं सगळीकडे लागतं.

दराचं थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०२५ साठी लक्ष्य ठेवलं होतं की सुरुवातीचं पॅकेज दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावं. लक्ष्य योग्यच आहे, पण सरासरीत गरीब घर दिसत नाही. शिवाय सवलत टिकणार की नाही हाही प्रश्न असतो. अमेरिकेत मासिक बिलात सवलत देणाऱ्या योजनेत २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबं होती. निधी संपला आणि जून २०२४ पासून ती बंद झाली. ज्याच्या हाती महिन्याला ठरावीक पैसा येत नाही, तो अशा वेळी पुन्हा सही करताना दहादा विचार करतो, आणि ते शहाणपणाचंच आहे.

वेगाबद्दलही एक सांगायचं राहिलं. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये ब्रॉडबँडची किमान पातळी सेकंदाला २५/३ मेगाबिटवरून १००/२० मेगाबिटवर नेली. पहिला आकडा डाउनलोडचा, दुसरा अपलोडचा. लोक पहिलाच बघतात. पण मुलीला वर्गात कॅमेरा चालू ठेवायचा असतो, कोणाला डॉक्टरांना जखमेचा फोटो पाठवायचा असतो, तेव्हा दुसरा लागतो. अपलोड तोकडा असला की माणूस नुसता बघ्या राहतो.

आता मी जोडणी दिली की तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्या घरी जातो. कॉम्प्युटरचे धडे देत नाही. "तुमचं कोणतं काम अडलंय?" एवढंच विचारतो. पेन्शनचा दाखला असतो, लांबच्या नातवाचा चेहरा असतो. ते काम त्यांच्या हाताने करून घ्यायचं, माउस आपण धरायचा नाही. मला स्वतःला हे शिकायला वेळ लागला, कारण आपण केलं की पटकन होतं.

आजींच्या राउटरवर मी माझा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवून आलो होतो. काही दिवसांनी एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्या आजींच्या शेजारीण होत्या. "नंबर आजींनी दिला," त्या म्हणाल्या. "लाल दिवा लागलाय. आजींनी येऊन केबल कुठे दुमडली आहे का ते बघितलं, तिथे काही नाही. तुम्हाला बोलवायला सांगितलंय."