मेबलच्या स्टुडिओवर दुसऱ्याचंच नाव

"मावशी, तुला नक्की कुठं जायचंय? नकाशात इथं गोदाम दिसतंय," भाचा म्हणाला. लॉस एंजेलिसला आलेल्या पाहुण्यांना काय दाखवायचं, याचा त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. युनिव्हर्सल स्टुडिओ, डोंगरावरची हॉलिवूडची अक्षरं आणि सँटा मोनिकाचा समुद्र. त्यातला एक दिवस मी मागून घेतला होता. मूकपटांतली विनोदी नटी मेबल नॉर्मंड जिथं काम करायची, ते १७१२, ग्लेनडेल बुलेव्हार्ड मला बघायचं होतं. आणि तिथं खरंच गोदाम आहे, घरात न मावणारं सामान लोक महिन्याच्या भाड्यानं ठेवतात तसलं.

भाच्याला म्हटलं, तू कामाला जा, मी बसनं जाते. गेलेही, पण फोनमध्ये बघण्याच्या नादात दोन थांबे पुढं उतरले आणि ऑक्टोबर अखेरीच्या उन्हात उलटी चालत आले. तिकडच्या ऑक्टोबरचं ऊनही आपल्यासारखंच टाळूवर बसतं.

१९१२ साली विनोदी मूकपट काढणाऱ्या मॅक सेनेटनं इथं कीस्टोन कंपनीचा स्टुडिओ थाटला तेव्हा या भागाला इडनडेल म्हणत. धडपडणारे पोलीस, पाठलाग, चिखलात लोळण हा सगळा माल इथून निघायचा. गोदामाच्या आवारात त्या काळातलं चित्रीकरणाचं एक दालन अजून उभं आहे. काउंटरवरच्या मुलानं मला अदबीनं विचारलं, केवढ्या मापाची खोली हवी? मी म्हटलं, मेबल नॉर्मंडचं सामान बघायला आलेय. तो बिचारा कॉम्प्युटरमध्ये नाव शोधायला लागला. मग मलाच लाज वाटली.

मेबल न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची. आधी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायची, मग बायोग्राफ या चित्रपट कंपनीत सेनेटची ओळख झाली आणि कीस्टोन निघाली तशी ती त्याच्याबरोबर इकडं आली. दोन वर्षांत तिचं नाव नुसतं श्रेयनामावलीत नाही, चित्रपटांच्या नावातच आलं. 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट', 'मेबल्स बिझी डे', 'मेबल्स मॅरिड लाइफ' अशी रांगच. तोंडावर 'पाय' मारण्याची, म्हणजे क्रीम भरलेला पाय नावाचा गोड पदार्थ फेकण्याची पडद्यावरची पहिली मानकरी तीच, असंही सांगतात. ते खरं असो नसो, नेम मात्र चांगला होता.

मला रस होता तो १९१४ सालच्या एका भांडणात. इंग्लंडहून आलेला चार्ली चॅप्लिन कीस्टोनमध्ये नवा होता. डगळ विजार आणि काठीचा त्याचा अवतार पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो मेबलच्याच 'स्ट्रेंज प्रेडिकमेंट'साठी. पडद्यावर मात्र दुसरा चित्रपट दोन दिवस आधी पोचला. त्यानंतर 'मेबल ॲट द व्हील'चं दिग्दर्शन मेबलकडं आलं. चॅप्लिननं आत्मचरित्रात हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवलाय. रस्त्यावर पाणी मारण्याचं दृश्य होतं. त्यानं सुचवलं की मी नळीवर चुकून पाय देतो, पाणी थांबतं, मी तोंडात बघायला वाकतो, पाय उचलला जातो आणि पाणी तोंडावर! मेबलनं सांगितलं, वेळ नाही, सांगितलंय तेवढं कर. चॅप्लिन रुसून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. काम ठप्प. सेनेट त्याला हाकलायच्या बेतात होता, पण चॅप्लिनच्या चित्रपटांची मागणी वाढत असल्याचं न्यूयॉर्कहून कळलं आणि तो नमला.

हा किस्सा सांगताना लोक चॅप्लिनची बाजू घेतात. विशीतली पोर त्याला काय शिकवणार, हा त्याचा सूरही लपत नाही. मला विचाराल तर मेबल बरोबर होती. पाण्याच्या नळीचा तो विनोद ल्युमिए बंधूंनी १८९५ सालीच पडद्यावर आणला होता. एकोणीस वर्षं जुना. शिवाय ऊन उतरलं की चित्रीकरण बंद, हे दिग्दर्शकाला सांभाळायचं असतं, कडेला रुसून बसणाऱ्याला नाही. पुढं दोघांचं जमलं, मेबलनं दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात चॅप्लिन गुमान कामही करत होता. एक मात्र मनात आलंच. आदल्याच वर्षी फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं होतं. आणि इथं एक बाई चॅप्लिनला गप्प बस म्हणत होती.

तिथून सिल्व्हर लेकच्या बाजूला बेट्स अव्हेन्यू. चढ आहे, दम लागतो. फाउंटन आणि एफी रस्त्यांच्या बेचक्यात एक तिकोनी जागा आहे. १९१६ साली सेनेटनं खास मेबलसाठी हा स्टुडिओ उभारला, कंपनीलाही तिचंच नाव दिलं. त्या कंपनीचा चित्रपट एकच, 'मिकी'. तो १९१७ पर्यंत तयार झाला पण डब्यात पडून राहिला. ऑगस्ट १९१८ मध्ये लागला तेव्हा प्रचंड चालला. पण तोवर मेबल गोल्डविन कंपनीत गेली होती आणि स्टुडिओ काउबॉयपटांच्या विल्यम हार्टकडं. इमारत आजही आहे, भाड्यानं चित्रीकरणं आणि समारंभ होतात. तिला ओळखतात कुठल्या नावानं? मॅक सेनेट स्टुडिओ. मी फुटपाथवर उभी राहून पाण्याची बाटली संपवली आणि जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत दोन शब्द बोलले. १९७४ साली दोघांच्या प्रेमप्रकरणावर ब्रॉडवेला संगीत नाटक आलं, त्याचं नावही 'मॅक अँड मेबल'. आधी मॅक.

संध्याकाळी भाचा न्यायला आला. साउथ अल्वाराडो रस्त्यावर त्याला गाडी हळू करायला लावली. ४०४ नंबरला पूर्वी बंगलेवजा घरांचं आवार होतं, आता दुकानाचं पार्किंग. १ फेब्रुवारी १९२२ च्या संध्याकाळी मेबल इथं दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरकडं आली होती. दोघांचं पुस्तकांवरून चांगलं जमायचं, त्या दिवशीही ती पुस्तकं घेऊनच निघाली. त्याच रात्री टेलरचा गोळी घालून खून झाला. खुनी आजतागायत सापडला नाही. खुन्याखेरीज त्याला शेवटचं भेटलेली मेबल, एवढ्यावर वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने भागवलं. १९२४ च्या नववर्षदिनी तिच्याच पिस्तुलानं तिच्या ड्रायव्हरनं एका धनिकाला जखमी केलं आणि मग तर बोलायलाच नको. काही गावांनी तिचे चित्रपट बंद केले. तिच्यावर गुन्हा एकदाही शाबीत नाही.

गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मी भाच्याला फोनवर 'द एक्स्ट्रा गर्ल'मधला तुकडा दाखवला, १९२३ चा. चित्रीकरणासाठी कुत्र्याला सिंहाचं सोंग दिलंय. मेबल चुकून खऱ्या सिंहाला दोरी बांधून स्टुडिओभर फिरवते. लोक खिडक्यादारांतून पळतायत आणि हिच्या चेहऱ्यावर, आज सगळ्यांना झालंय काय! भुवई जराशी वर, बाकी चेहरा स्वच्छ. मागं सिंह. भाचा हसता हसता सिग्नल हुकला, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

दुसऱ्या दिवशी व्हिटियर बुलेव्हार्डच्या बसनं पूर्व लॉस एंजेलिसला, कॅल्व्हरी दफनभूमीत गेले. सगळी मेक्सिकन वस्ती. मृतांचा दिवस जवळ आलेला, त्यामुळं रस्त्याकडेला झेंडूच्या राशी. आपल्याकडं दसऱ्याला दारावर चढतात ती फुलं इथं गेलेल्यांना वाट दाखवायला लागतात. फुलवालीला मी दोन बोटं दाखवली, तिनं दोन जुड्या दिल्या. मला दोन फुलं हवी होती.

मेबल २३ फेब्रुवारी १९३० ला मनरोव्हियाच्या सॅनेटोरियममध्ये क्षयानं गेली. वय ३७. समाधीगृहातल्या संगमरवरी भिंतीत तिचा कप्पा आहे. त्यावर नाव कोरलंय मेबल नॉर्मंड-कोडी. ल्यू कोडी हा 'मिकी'मधलाच नट, १९२६ साली दोघांनी लग्न केलं आणि राहिले वेगवेगळ्या घरांत. तरी दगडावर तो आहेच. एक जुडी मी तिच्या भिंतीशी, खाली फरशीवर ठेवली. दुसरी पिशवीत घालून भाच्याकडं आणली आणि त्याच्या दाराला तोरण केलं.