मोत्याचं आधार कार्ड

अकरा फोन. मोजून अकरा. आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच, "सर, मोत्या म्हणजे कोण?"

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल, पण त्या कुरिअर कंपनीचा केवायसी विभाग आठवला की अजून डोकं फिरतं. लातूर, परभणी, बीडकडचा कुणी पहिल्यांदा पप गिअर, म्हणजे पप प्लेचं सामान, घ्यायच्या विचारात असेल तर निदान त्याचे तरी तीन आठवडे वाचावेत, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पप प्ले म्हणजे मोठ्या, जाणत्या माणसांनी आपखुशीनं काही वेळ कुत्र्याचं पिल्लू व्हायचं. रांगायचं, चेंडूमागं पळायचं, हँडलरच्या, म्हणजे पिल्लाला सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या, पायाशी लोळायचं. लेदर कम्युनिटीतून, म्हणजे चामड्याचा पोशाख मिरवणाऱ्या, मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या गोतावळ्यातून, आलेला प्रकार आहे. कुणासाठी त्यात शृंगार असतो, कुणासाठी नुसता खेळ. मी लातूरला क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवतो. सकाळी सहाची बॅच, रात्री आठची बॅच, मधे पालकांचे फोन. आठवड्यातून एक तास कुणी मला 'सर, हा डाउट' विचारू नये एवढीच माझी अपेक्षा. माझं पप नाव मोत्या. आजोळी होता एक, त्याच्यावरून.

लोक आधी हुडकडं, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाच्या मुखवट्याकडं, धावतात, मीही धावलो. खरं तर आधी गुडघ्याचं बघा. फरशीवर पाच मिनिटं रांगून पाहिलंत की कळेल. महागडे पप-पॅड घ्यायची काही गरज नाही. स्पोर्ट्सच्या दुकानात कबड्डी-व्हॉलीबॉलवाल्यांचे जाड नीकॅप मिळतात, ते झकास चालतात. कुणी 'कशाला' विचारतही नाही. पट्टा पाळीव प्राण्यांच्या दुकानातला चालेल, पण रुंद, साधं बक्कल असलेला. ओढलं की आवळणारी साखळी माणसाच्या गळ्यात कधीच नाही. घातल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि लीश, म्हणजे हँडलरनं धरायची दोरी, गळ्याला नाही, हार्नेसच्या (अंगावर घालायच्या पट्ट्यांच्या) छातीवरच्या कडीला लावायची.

तर हुड. निओप्रीनचा घेतला. निओप्रीन म्हणजे पाणबुड्यांच्या सूटचं ते कृत्रिम रबर. ताणलं जातं, धुता येतं, चामड्यापेक्षा स्वस्त. स्वस्त म्हणजे तिकडच्या हिशेबानं. इकडं तेवढ्यात खोलीचं महिन्याचं भाडं निघतं. माप दोन जागी घ्या: कपाळावरून डोक्याचा घेर, आणि हनुवटीखालून टाळूपर्यंतचा घेर. मी पहिलाच घेतला आणि नशिबानं बसला. थूथन, म्हणजे पुढं आलेलं कुत्र्याचं नाक-तोंड, बटणांनी सुटं होणारं हवं. तोंड पटकन मोकळं करता येतं आणि पाणी पिता येतं.

परदेशातल्या दुकानाच्या साइटवर ऑर्डर भरताना नावाच्या रकान्यात माझी बोटं थबकली. गल्लीत सगळे ओळखतात. पार्सलवर माझं नाव, आत हा ऐवज. मग मी शक्कल लढवली. पत्ता मित्राच्या मोबाइल दुकानाचा, आणि नाव टाकलं 'मोत्या'. वाटलं, काय हुशार आहे मी.

नऊ दिवसांनी मेसेज आला: पार्सल मुंबईत थांबवलंय, प्राप्तकर्त्याचं ओळखपत्र अपलोड करा. मी आधार टाकलं. नामंजूर, नाव जुळत नाही. पुन्हा टाकलं. नामंजूर. फोन लावला.

"सर, पार्सल मोत्या यांच्या नावावर आहे. त्यांचं आधार पाठवा."

"मोत्या मीच आहे."

"पण आधारवर तर वेगळं नाव आहे."

"टोपणनाव आहे हो ते."

"मग टोपणनावाचा काही पुरावा?"

आता मोत्या या नावाचा पुरावा कुठून आणू? तहसीलमधून? गॅझेटमध्ये नाव बदलून घेऊ?

तिसऱ्या फोनला वेगळीच मुलगी. तिनं वस्तूचं वर्णन वाचलं, 'पपी हुड, निओप्रीन', आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "अच्छा, पेटसाठी आहे का सर? मोत्या डॉगी आहे?" मी दोन सेकंद गप्प. हो म्हणावं तर सुटलो, असं वाटलं. म्हणालो, "हो." तर ती म्हणे, मग प्राण्यांच्या सामानाचा वेगळा फॉर्म लागेल, त्यात चामडं किंवा प्राणिजन्य काही नाही असं लिहून द्या, शिवाय मालक म्हणून तुमचा आणि मोत्याचा संबंध स्पष्ट करा. मी फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसलो. माझा आणि मोत्याचा संबंध.

खोटं बोलल्याचा तोटा पुढच्या फोनला कळला. फाइलवर आता 'पेट प्रॉडक्ट' अशी नोंद पडली होती. ती काढायला आणखी दोन फोन. तोवर मोफत मुदत संपून गोदामाचं भाडं रोज चढायला लागलं. शाळेतल्या व्याजाच्या गणितासारखं, फक्त इथं कर्जदार मी होतो.

भीतीही होती, खोटं कशाला बोलू. सीमाशुल्काची १९६४ ची एक अधिसूचना आहे, अश्लील पुस्तकं, चित्रं, वस्तू आयात करायला मनाई करणारी. कापडी-रबरी टोपडं अश्लील कसं होईल? पण पार्सल उघडणाऱ्या माणसाला काय वाटेल ते कुणी सांगावं. म्हणूनच शेपटी मी बाहेरून मागवलीच नाही. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची शेपटी मिळते, ती घ्या. दुसऱ्या प्रकारच्या शेपट्यांबद्दल मी काही सांगत नाही, त्या विमानानं तर मुळीच मागवू नका. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा, निकाल दिला तेव्हा मी पेढे खाल्ले होते. आणि इथं एका टोपड्यासाठी रात्री दोनला उठून ट्रॅकिंग बघत होतो.

माझा हँडलर पुण्याचा. त्याला सांगितलं तर आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "अरे येड्या, पार्सलवर कोण वाचतंय? लपवायचं तर वर्णन लपव, नाव कशाला? दुकानाला मेल कर, ते दुरुस्तीचं पत्र देतात."

एवढंच होतं. दुकानानं दोन दिवसांत त्यांच्या लेटरहेडवर पत्र दिलं: प्राप्तकर्त्याचं खरं नाव अमुक, ऑर्डर क्रमांक तमुक. अकराव्या फोनला मी पहिल्यांदा सरळ सांगितलं, "मॅडम, हे माझंच आहे. कॉस्च्युम आहे, मी स्वतः घालतो." पलीकडं टकटक टायपिंग. "ओके सर. पर्सनल यूज." बस्स. ड्यूटी भरली, गोदामाचे २,३४० रुपये भरले, चार दिवसांत माल लातुरात. फक्त त्यांच्या सिस्टिममधून जुनं नाव काही गेलं नाही. डिलिव्हरीवाला मित्राच्या दुकानासमोर गाडी लावून, भर बाजारात, मोठ्या अदबीनं विचारत होता, "मोत्या सर आहेत का?"

तेव्हा: नाव आधारवरचंच, स्पेलिंगसकट. ऑर्डर करतानाच दुकानाला विनंती करा की खोक्यावर 'कॉस्च्युम मास्क, निओप्रीन' लिहा आणि बाहेर चित्र नको. किंमत कमी लिहायला सांगू नका, त्यात अडकलात तर पत्रानं भागणार नाही.

हुड एप्रिलमध्ये आला हेही एक नशीबच. निओप्रीनमधून वारा जात नाही. बाहेर ४१ अंश, कूलरसमोर बसूनही दहा मिनिटांत कानामागून धारा. आपल्याकडं खेळायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाकीचे एसीवाल्यांचे. गार पाण्यात हातानं धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. उन्हात टाकला की रबर कडक होतं.

एक राहिलंच. हातमोजे, ते मूठ बांधून ठेवणारे, घातले की स्वतःचं बक्कल स्वतःला काढता येत नाही. म्हणून एकटं असताना घालायचे नाहीत. आणि तोंड झाकलेलं असताना 'थांब' कसं सांगायचं ते आधी ठरवा. आमचं ठरलंय: जमिनीवर तीनदा थाप, की सगळं बंद.

हार्नेसला मात्र विमान लागलं नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजाराला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकावर म्होरक्या-दावी विकणारे एक मामा बसतात, चामड्याचं कामही करतात. पोळ्याच्या आधी जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मी पोळा झाल्यावर गेलो, कागदावर चित्र काढून दाखवलं.

"छाती किती?"

"बेचाळीस इंच."

"गोऱ्हं हाय का?"

"नाही मामा, माणसासाठी. नाटकात काम आहे."

मामांनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं, टेप काढला आणि शर्टावरूनच माप घेतलं. दीड इंची पट्टे, छातीवर लोखंडी कडी, कडा तासून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे काखेत काचत नाही. ना आधार, ना फॉर्म. सहा दिवसांत तयार. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. घाम पुसून खुंटीला टांगा.

परवा कडी बदलून घ्यायला गेलो होतो. मामा म्हणाले, "झालं का नाटक?"

"झालं की."

"अंगाला बसलं का नीट?"

"पाठीवर जरा ओढतंय, वाकल्यावर."

"उभ्यानं माप घेतलं नव्हं," म्हणाले, आणि टेप काढला. "वाका बरं."