राणी येते, वसाहत येत नाही

१ जानेवारी २०२१पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये युरोपीय संघातून मधमाश्यांची तयार वसाहत आणता येत नाही. आणता येते ती फक्त राणीमाशी, आरोग्य प्रमाणपत्रासह आणि सोबत मोजक्या कामकरी माश्या घेऊन.

कागदावर हा फरक छोटा दिसतो. पण नुसती राणी मध गोळा करत नाही! तिला स्वीकारणारी वसाहत आपल्याकडे आधीच असावी लागते. दक्षिण युरोपात वसंत लवकर येतो, म्हणून तिथल्या माश्या मागवून इथले, ब्रिटनमधले पाळक हिवाळ्यात मेलेल्या वसाहती भरून काढत. तो मार्ग बंद झाल्याचा सगळ्यात जास्त फटका नवख्यांना बसतो, कारण त्यांच्याकडे विभागायला, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करायला, दुसरी पेटीच नसते.

राणी पिंजऱ्यातून द्यावी लागते. त्याच्या तोंडाशी साखरेचा घट्ट गोळा असतो. माश्या तो कुरतडत आत पोचेपर्यंत तिचा गंध त्यांच्या ओळखीचा होतो. घाईने सोडली, तर त्या तिला घेरून मारतात.

तरीही कडक तपासणी मला हवीच आहे. २०१४मध्ये इटलीच्या कॅलाब्रियात स्मॉल हाइव्ह बीटल हा पोळ्यात घुसणारा छोटा भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या पोळं पोखरतात, मध आंबून वाहायला लागतो. पूर्ण वसाहतीत असा किडा लपायला जागा भरपूर, राणीच्या पिंजऱ्यात जवळजवळ नाहीच.

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना मी एकच सांगते: जवळच्या पाळकाकडे विभागलेली वसाहत हिवाळ्यातच सांगून ठेवा.