चांदणी गाभडली आणि मला ताप आला

चांदणी गाभडली तेव्हा तिला सातवा महिना होता. जानेवारीची थंडी, पहाटेचे साडेचार. धारेसाठी गोठ्यात गेले तर मागं वासरू पडलेलं, अंगावर नीट केससुद्धा आले नव्हते. अर्धी वार तशीच लोंबत होती. हे गावाला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, वार आत राहिली तर गाय आतून सडते. मी बाही वर सारली, हाताला खोबरेल तेल चोळलं आणि हात घातला. दोनच दिवसांपूर्वी कडवळ कापताना अंगठ्याला विळा लागला होता, ती जखम अजून ओली होती. तेव्हा तिच्याकडं कोण बघतंय! मेलेलं वासरू उकिरड्यावर टाकलं, दुपारी कुत्र्यांनी ते ओढ्याकडं ओढत नेलं. या दोन गोष्टींची टोचणी मला अजून आहे.

आमचा गोठा फलटण तालुक्यात. नऊ जनावरं, सगळी संकरित. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं, घर त्याच्यावर चालतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर मला ताप यायला लागला. दिवसा कामाला उभी राहायचे, संध्याकाळ झाली की कणकण. रात्री दोन-तीनच्या सुमारास असा घाम फुटायचा की गोधडी पिळावी. कंबर एवढी धरायची की बादली उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. आठ दिवस ताप, मग चार दिवस बरं, मग पुन्हा ताप. तालुक्याच्या दवाखान्यात टायफॉइड सांगितला, सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा टायफॉइडच सांगितला, पुन्हा गोळ्या. मलेरिया, डेंग्यू सगळं बघून झालं. माझं काम काय, घरी जनावरं आहेत का, हे या दोन महिन्यांत मला कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चांदणीचं सांगितलंच असतं. ती वार मी हातानं काढली, हे लपवण्यासारखं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

एप्रिलमध्ये सोनी गाभडली, सहाव्या महिन्यात. एकाच गोठ्यात दोन गायी गाभडल्या म्हटल्यावर जनावरांचे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी नऊही जनावरांचं रक्त काढलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दवाखान्यात बोलावलं. एक पांढरी फरशीसारखी पट्टी होती, तिच्यावर खाचा. प्रत्येक खाचेत रक्तातल्या पिवळसर पाण्याचा एक थेंब, शेजारी गर्द गुलाबी औषधाचा एक थेंब. त्या गुलाबी थेंबात ब्रुसेल्लाचे, म्हणजे गायी गाभडवणाऱ्या जंतूचे, मारलेले, रंगवलेले जंतू असतात, असं त्यांनी सांगितलं. काडीनं दोन्ही थेंब मिसळले आणि पट्टी हातात घेऊन सावकाश डोलवायला लागले. घड्याळ लावून चार मिनिटं. सात खाचांत गुलाबी रंग जसाच्या तसा राहिला. दोन खाचांत मात्र दूध नासतं तसे बारीक कण धरायला लागले. एक चांदणी, एक सोनी.

"हे कण म्हणजे जंतू नव्हेत, वहिनी," ते म्हणाले. "गायीच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्या जंतूंना धरून त्यांचे गठ्ठे करतायत. म्हणजे हा जंतू तिच्या शरीराच्या ओळखीचा आहे." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला ताप कधीपासून आहे?"

माझा आजार असा जनावरांच्या डॉक्टरांनी ओळखला.

तालुक्याच्या लॅबमध्ये ब्रुसेल्लाची तपासणी करायला सांगितली तर रिपोर्ट आला निगेटिव्ह. मी सुटले म्हणून देवापुढं साखर ठेवली. जनावरांचे डॉक्टर मात्र ऐकेनात. "पुण्याला जा, आणि गाभडलेल्या गायीची वार हातानं काढली हे पहिल्या वाक्यात सांगा." मी तसंच सांगितलं. पुण्याच्या मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

त्यांनी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातून जंतू वाढतो का ते बघायला, पाठवलं आणि फॉर्मवर 'ब्रुसेल्लाचा संशय' असं ठळक लिहिलं, कारण हा जंतू श्वासावाटे लॅबमधल्या माणसांनाही लागतो. टीबी आहे का तेही आधी बघितलं. तो का, ते पुढं सांगते. दुसरी तपासणी होती ती रक्त पातळ करत करत करायची: वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, अशी दुप्पट-दुप्पट. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला काही कळेना. वीस, चाळीस, ऐंशी या नळ्या निगेटिव्ह. आणि १:१६० पासून १:६४० पर्यंत पॉझिटिव्ह! जास्त पातळ केलेलं रक्त पॉझिटिव्ह आणि कमी पातळ केलेलं निगेटिव्ह, हे कसं?

मॅडमनी मला विचारलं, "फुगडी खेळता ना?" एका अँटिबॉडीला दोन हात असतात. एका हातानं एक जंतू, दुसऱ्या हातानं दुसरा जंतू धरला की साखळी होते आणि गठ्ठा दिसतो. पण अँटिबॉडींचीच गर्दी झाली तर प्रत्येक जंतूला भोवतीनं त्याच चिकटून बसतात. जिकडं हात टाकावा तिकडं जंतू आधीच कुणीतरी धरलेला. साखळी जुळत नाही, गठ्ठा दिसत नाही. तालुक्याला बहुधा हेच झालं असणार, त्यांनी रक्त पातळ न करताच बघितलं. माझ्या रक्तात अँटिबॉडी कमी नव्हत्या, नको इतक्या होत्या, आणि म्हणून रिपोर्ट कोरा आला.

मग मी मनातलं विचारलं. एवढ्या अँटिबॉडी आहेत तर मी बरी का होत नाही? माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की अँटिबॉडी म्हणजे जय.

त्याचं उत्तर ऐकून मी त्या रात्री झोपले नाही. जंतू आत शिरला की शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात, आणि एरवी गिळलेला जंतू त्या आतल्या आत पचवून टाकतात. ब्रुसेल्लाच्या अंगावरचं आवरण असं असतं की पेशीला मोठा धोक्याचा इशाराच मिळत नाही. त्याला गिळतात, पण पुष्कळदा पचवता येत नाही. जिथं त्याला मारायचं, त्याच पेशीत तो घर करतो, तिथंच वाढतो आणि तिच्याच पाठीवर बसून यकृत, प्लीहा, हाडांचा मगज, कंबरेचे सांधे असा फिरतो. अँटिबॉडी रक्तात फिरतात, पेशीच्या आत त्यांना जाता येत नाही. दरोडेखोर माजघरात बसलेला आणि आम्ही वेशीवर पहारा वाढवलेला. आतलं काम टी-पेशी नावाच्या दुसऱ्या संरक्षक पेशींचं. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप सोडतात, तो मिळाला की भक्षक पेशी जागी होते आणि पोटातला जंतू मारायला लागते. ही लढाई आठवड्यांवर चालते, कधी महिन्यांवर. ताप येत-जात राहतो तो त्यामुळंच.

सहाव्या दिवशी कल्चरमध्ये जंतू वाढला. शंका राहिली नाही.

औषधंसुद्धा पेशीच्या आत शिरणारीच लागतात, आणि एकटं एक चालत नाही. मला डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन मिळून सहा आठवडे दिलं. रिफाम्पिसिन टीबीचंही औषध. आत टीबी असताना ते असं अर्धवट दिलं तर टीबीचा जंतू त्याला दाद देईनासा होतो, म्हणून आधी टीबी बघितला होता. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घ्यायचं नाही. घरात दुधाची घागर आणि मी तांब्याभर पाण्याबरोबर गोळी घेऊन अर्धा तास भिंतीला टेकून बसून, कारण लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत जाळते. मे महिन्याच्या उन्हात हात भाजल्यासारखे लाल व्हायचे, तेही त्याच गोळीमुळं. दहाव्या दिवशी घाम थांबला. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, झालं की आता. मॅडमनी फोनवर बजावलं की इथंच माणसं औषध सोडतात आणि दुखणं उलटतं. मी एकही गोळी चुकवली नाही.

घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. मामंजींना धारोष्ण दूध प्यायची सवय, त्यांची मला धास्ती होती, पण ते निगेटिव्ह निघाले. सासूबाई १:८० पॉझिटिव्ह! त्यांना ना ताप, ना सांधेदुखी. जन्म गोठ्यात गेला, कधीतरी हा जंतू त्यांच्या शरीरात येऊन गेला असणार आणि शरीरानं तो निपटला असणार. मॅडमनी त्यांना औषध दिलं नाही, फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. दूध मात्र त्या दिवसापासून उकळल्याशिवाय घरात कुणाच्या ओठाला लागत नाही. मामंजी आठ दिवस रुसले होते.

औषध संपल्यावर सप्टेंबरात तपासणी झाली. १:१६०. माझ्या पायाखालची जमीन सरकली, मी औषध पुन्हा सुरू करा म्हणून मॅडमच्या मागं लागले. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. अँटिबॉडी दोन तऱ्हेच्या, आयजीएम आधी येतात, आयजीजी मागाहून. आयजीजीची पातळी उतरत चालली आहे, ताप नाही, वजन भरतंय, म्हणजे ही फक्त आठवण राहिली आहे. उतरलेला आकडा पुन्हा चढला आणि ताप आला तर दुखणं उलटलं म्हणायचं. बहुतेकांचं उलटतं ते सहा महिन्यांच्या आत. तोवर मोजत राहायचं.

त्यांनीच माल्टा बेटाचं सांगितलं. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी तिथं तापानं मेलेल्या सैनिकांत हा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या, दारोदार दूध देणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात तेच गठ्ठे धरले. मला आमच्या दवाखान्यातली ती पांढरी पट्टी आठवली.

पण चांदणीच्या आणि माझ्या रक्तात तेच गठ्ठे धरले असले तरी पुढचं सारखं नव्हतं. मला सहा आठवड्यांचं औषध मिळालं. गायीवर याचा उपचार करत नाहीत. औषधानं जंतू पुरता जात नाही, कासेत आणि तिथल्या गाठींत तो राहतो. दुसऱ्या देशांत अशी गाय कत्तलीला काढतात. आपल्याकडं गायीची कत्तल कायद्यानं बंद. मग लोक काय करतात, तर गप्प बाजार दाखवतात आणि दुखणं दुसऱ्याच्या गोठ्यात जातं. एक व्यापारी दारात आला होता, भावही बरा सांगत होता. हे म्हणाले, "तुझ्यासारखी दुसरी बाई अंथरुणाला खिळेल." आम्ही व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं. दोघींसाठी ओढ्याच्या बाजूला वेगळं छप्पर घातलं, त्यांची धार शेवटी काढतो, हातमोजे घालून.

लहान कालवडींना लस टोचून घेतली. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच, जन्मात एकदा. २०१९ पासून केंद्राच्या योजनेत ती फुकट मिळते, आणि गोऱ्ह्यांना देत नाहीत. ही लस म्हणजे कमजोर केलेला जिवंत जंतू. तो पेशीत शिरून टी-पेशींना तयार करतो, म्हणून उपयोगी पडतो. पण टोचणाऱ्याच्या बोटाला सुई लागली तर माणसाला दुखणं होऊ शकतं, म्हणून डॉक्टर चष्मा आणि हातमोजे घालून आले होते. माणसांसाठी अशी लस नाही.

मार्चच्या शेवटी, काही कळायच्या आधी, आम्ही चांदणीला भरवली होती. आता डिसेंबर आहे आणि तिचे दिवस भरत आलेत. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेळी बहुधा पुऱ्या दिवसांनी विते, तिच्या शरीरात तेवढा प्रतिकार आलेला असतो. वासरू धडधाकट येईल, पण वारेतून आणि पाण्यातून जंतू तसेच पडतील. छपराच्या खुंटीला खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे टांगून ठेवलेत. कोपऱ्यात चुन्याची गोणी आहे. वार पुरायला यांनी कमरेएवढा खड्डा काढून ठेवलाय, कुत्र्यांचा हात लागणार नाही एवढा खोल. माझी पुढची तपासणी सोळा तारखेला आहे.