नदी गोठण्याआधी: टूलिकमधले आठ आठवडे

कुपारुक नदीच्या काठावर पहिल्याच संध्याकाळी मी आमच्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं, "मॅडम, हिवाळ्यात हे मासे जातात कुठे? नदी तर तळापर्यंत गोठते म्हणतात."

वेडरचे, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखाचे, पट्टे आवळत त्या म्हणाल्या, "कुठे जातात ते ठाऊक आहे, उगमाजवळच्या तळ्यात. त्यातले पोचतात किती, ते मोजायला आणलंय तुला."

पुढचे आठ आठवडे मी तेच केलं. मासा होता आर्क्टिक ग्रेलिंग. जागा होती अलास्काच्या उत्तर उतारावरचं टूलिक संशोधन केंद्र. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो. जलजीवशास्त्र शिकणाऱ्या आणि उत्तर ध्रुवाकडच्या भागात प्रत्यक्ष काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

टूलिक सरोवर ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तर पायथ्याशी, ६८ अंश ३८ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या इन्युपिआक भाषेतलं, पिवळ्या चोचीच्या लून पक्ष्यावरून आलेलं. काठावरचं केंद्र १९७५ साली सुरू झालं. अलास्का विद्यापीठाची फेअरबँक्समधली इन्स्टिट्यूट ऑफ आर्क्टिक बायॉलॉजी ते चालवते. १९८७ पासून इथे दीर्घकालीन परिसंस्था अभ्यासाचा प्रकल्प चालू आहे. त्यामुळे तुम्ही मोजलेल्या पाण्याच्या तापमानाशेजारी ठेवायला अनेक दशकांचे आकडे मिळतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या जागेचं खरं मोल हेच. एका उन्हाळ्याच्या नोंदींवरून एकट्याने काही सांगता येत नाही, पण त्या लांबलचक ओळीत आपलीही एक कडी बसते.

सर्वांत आधी परवानग्या. हे काम जानेवारीतच सुरू करा. अलास्कात संशोधनासाठी मासे धरायचे तर राज्याच्या मत्स्य आणि शिकार खात्याचा परवाना लागतो. माशाला भूल द्यायची किंवा त्याच्या शरीरात टॅग घालायचा तर आपल्या विद्यापीठाच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी हवी. समिती तुमच्या कृतीतली एकेक पायरी विचारते: भुलीचं औषध कोणतं, किती, मासा शुद्धीवर आलाय हे कशावरून ठरवणार. माझा अर्ज दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा त्यांचे प्रश्न रास्त होते. त्या प्रश्नांची उत्तरं शोधतानाच मी माशाला हात लावण्याच्या लायकीचा झालो, असं आज वाटतं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ज्या उन्हाळी संशोधन जागा असतात, त्या तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. आपल्याला वाट काढावी लागते ती एखाद्या प्रयोगशाळेत पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून दाखल होऊन. मी तसाच गेलो.

फेअरबँक्सपासून टूलिक साधारण ६०० किलोमीटर. त्यातला मोठा भाग डाल्टन हायवेवरून, तेलवाहिनीच्या सोबतीने. वाहिनी बांधण्यासाठी १९७४ मध्ये हा रस्ता काढला. अजूनही बराचसा खडीचा आहे. भाड्याच्या गाड्या देणारे बहुतेक जण या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, करार नीट वाचा. आमची गाडी विद्यापीठाची होती. दोन जादा चाकं आणि रस्त्यावरच्या ट्रकचालकांशी बोलायला सीबी रेडिओ सोबत ठेवला होता, आणि दिवे दिवसाही चालू. समोरून मालट्रक आला की वेग कमी करून कडेला सरकायचं. काचेवर खडे बसतातच. वाटेतल्या कोल्डफूटला इंधन भरायला विसरू नका, कारण तिथून रस्त्याच्या उत्तर टोकाच्या डेडहॉर्सपर्यंतच्या जवळजवळ ३९० किलोमीटरमध्ये पंप नाही. मोबाइलही फेअरबँक्स सोडल्यावर थोड्याच वेळात मुका होतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कोल्डफूटच्या पुढे झाडं विरळ होत जातात आणि मग संपतातच. रस्ता १,४४४ मीटर उंचीच्या ॲटिगन खिंडीत चढतो. खिंडीच्या अलीकडचं पाणी युकॉनमार्गे बेरिंग समुद्राला जातं, पलीकडचं आर्क्टिक महासागराला. आम्ही खिंडीत थांबलो तेव्हा पाऊस पडत होता. हा थेंब इकडे, तो तिकडे, असं बघत मी भिजत उभा राहिलो.

केंद्रावर तंबू आहेत, ट्रेलरमधल्या प्रयोगशाळा आहेत, चांगलं जेवणघर आहे आणि सरोवराकाठी सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली, आहे. पाणी मात्र जपून. वापरलेलं पाणी टँकरने दूर न्यावं लागतं, म्हणून शॉवर आठवड्यातून दोनदा आणि तोही दोन-दोन मिनिटांचा. सौनातून निघून सरोवरात उडी मारली की बाकीच्या दिवसांची सोय होते. उन्हाळ्याच्या मध्यावर सूर्य मावळतच नाही. डोळ्यांवर बांधायची जाड पट्टी न्या, नाहीतर पहिल्या आठवड्यात झोपेचे हाल होतात. माझे झाले, आणि झोप नसलेल्या माणसाच्या नोंदवहीत चुका होतात.

आता नदी. कुपारुकवरचं आमचं ठिकाण केंद्रापासून रस्त्याने दहाएक किलोमीटरवर. ग्रेलिंग हा सॅमनच्या कुळातला मासा. त्याचा पाठीवरचा पर शिडासारखा मोठा असतो, त्यावर निळे-जांभळे ठिपके. इन्युपिआक लोक त्याला सुलुकपाउगाक म्हणतात. प्रवाहात तोंड वर करून तो एका जागी तरंगत राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. आम्ही त्याला गळानेच धरायचो, कृत्रिम माशी लावून, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला. त्याने तोंड फाटत नाही आणि मासा क्षणात सुटतो.

धरल्यावर त्याला पाण्यातच ठेवून बिनगाठीच्या जाळीत घ्यायचं. मग भुलीच्या बादलीत. तो कलंडला आणि कल्ल्यांची हालचाल संथ झाली की बाहेर काढून लांबी, वजन, दोन-चार खवले, आणि पोटात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा पीआयटी टॅग. या टॅगला बॅटरी नसते. नदीत आडव्या टाकलेल्या तारेच्या अँटेनावरून मासा गेला की टॅगचा क्रमांक आपोआप नोंदला जातो. शेवटी प्रवाहातल्या जाळीच्या पिंजऱ्यात, तो स्वतःहून तोंड वर करून पोहू लागेपर्यंत थांबायचं.

इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. हात ओले असल्याशिवाय माशाला शिवू नका. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. लोकरी हातमोजे घालून तर मुळीच नाही. आणि बादलीचं पाणी सतत बदला. जुलैच्या एका उघड्या दुपारी मी वजनकाटा स्थिर करण्याच्या नादात बादलीकडे पाहिलं नाही. उन्हात पाणी तापलं आणि एक मासा शुद्धीवर आला नाही. उत्तरेकडचे मासे फार हळू वाढतात. हातभर लांबीच्या ग्रेलिंगमागे कित्येक हिवाळे असतात. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नोंद कर, आणि माशाच्या कानाच्या आतले खडे काढून ठेव, त्यांवरून त्याचं वय तरी कळेल." मी ते केलं. त्यानंतर बादलीत थर्मामीटर बांधून ठेवला आणि दर पाच मिनिटांनी वाचला. तुम्ही पहिल्या दिवसापासून बांधा.

याच नदीवर १९८३ पासून एक प्रसिद्ध प्रयोग झाला. दर उन्हाळ्यात पाण्यात थोडं फॉस्फरस सोडत गेले, लिटरमागे सुमारे १० मायक्रोग्रॅम. आधी दगडांवरचं शेवाळ वाढलं, मग किडे, आणि त्या टप्प्यातले ग्रेलिंग भराभर वाढू लागले. तिथेच प्रयोग थांबवला असता तर निष्कर्ष सोपा होता. पण आठेक वर्षांनी तळावर मॉस पसरलं, दगडांवरचं शेवाळ मागे पडलं, किड्यांची सगळी मांडणीच बदलली. दोन-तीन वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या कामात हे कधीच दिसलं नसतं. दीर्घ नोंदींतून निघालेली दुसरी गोष्ट मला त्याहून विचारात पाडते. कोवळी पिल्लं उबदार, कमी पाण्याच्या उन्हाळ्यात चांगली वाढतात, तर मोठे मासे भरपूर पाणी वाहणाऱ्या उन्हाळ्यात. म्हणजे 'माशांसाठी चांगलं वर्ष' असं काही सरसकट नसतंच. कोणत्या वयाच्या माशासाठी, ते विचारावं लागतं.

डासांबद्दल सगळेच सांगतात, तरी सांगतो. जूनच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंत ते असह्य असतात. जाळीचं जाकीट आणि डोक्यावरची जाळी घ्याच. औषध हाताला लावलं असेल तर माशाला हात लावू नका आणि नमुन्याच्या बाटल्यांनाही नाही. बोटांना न लावता फक्त बाहीवर आणि टोपीवर लावायचं, ही सवय आम्ही मोडू दिली नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थंडी त्यांचा बंदोबस्त करते.

टुंड्रावर चालणं नकाशावर दिसतं त्यापेक्षा फार कठीण. कापूसगवताचे गड्डे पायाखाली डुगडुगतात आणि मधल्या फटीत घोटा मुरगळतो. अंतरावरून वेळेचा अंदाज बांधलात तर तो दुप्पट धरा. केंद्राभोवती लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, त्यांवरूनच चाला. पायाने दबलेली ही जमीन सावरायला वर्षं लागतात, आणि बाजूचा आखलेला चौरस कुणाच्या तरी प्रबंधाच्या प्रयोगाचा असू शकतो. अस्वलाचा फवारा विमानात चढवता येत नाही, सामानातही नाही. फेअरबँक्सला विकत घ्या आणि जाताना पुढच्या गटाला देऊन टाका. दुरून एक ग्रिझली आम्ही दोनदा पाहिलं, कॅरिबू आणि कस्तुरी बैल मात्र वरचेवर.

मला सगळ्यांत जास्त जीव लावला तो तंबूंमधून धावणाऱ्या आर्क्टिक खारींनी. या जमिनीत बिळं करून राहतात आणि वर्षातले सात-आठ महिने झोपून काढतात. त्या झोपेत त्यांच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं, तरी रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी त्या थरथरत अंग पूर्ण तापवतात आणि पुन्हा थंड होतात. हे मोजलं गेलं ते फेअरबँक्सच्याच संशोधकांकडून, १९८९ मध्ये. समोर उभी राहून गवताचं बी चावणाऱ्या खारीकडे पाहिलं की हे आकडे खरे वाटत नाहीत.

ऑगस्टमध्ये पाऊस जेमतेम झाला. नदीचा एक टप्पा पार उथळ झाला, दगड उघडे पडले. वरच्या तळ्याकडे निघालेल्या माशांना तिथे अडकून पडावं लागतं आणि थंडी आधी आली तर सुटका नाही. आम्ही रोज सकाळी त्या डबक्यांतले ग्रेलिंग मोजायचो. उचलून पलीकडे सोडावंसं फार वाटायचं. परवानगी नव्हती, आणि तसं केलं असतं तर जे मोजायला आलो तेच पुसलं गेलं असतं. तरीही रात्री तंबूत पडल्यावर ते डोळ्यांसमोर यायचे.

याच दिवसांत ढगांमुळे सौर पॅनेल पुरेसं चाललं नाही, बॅटरी बसली, आणि वरच्या अँटेनाच्या तीन रात्रींच्या नोंदी गेल्या. त्या परत मिळणार नाहीत. जादा बॅटरी भरून ठेवा, आणि बॅटरीचा रोजचा विद्युतदाब कागदावर लिहा, नुसता नजरेने बघून येऊ नका.

सामानात थोडक्यात: बोटं उघडी राहणारे आणि पूर्ण झाकणारे असे दोन्ही हातमोजे, पावसात लिहिता येणारी वही, पेन्सिली, वेडर दुरुस्तीचं चिकट साहित्य. नमद्याच्या तळाचे बूट नेऊ नका. अलास्कात गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीला ते २०१२ पासून बंद आहेत, कारण त्यांतून एका नदीचे रोग दुसरीत जातात. एका नदीतून दुसरीत जाताना वेडर आणि जाळ्या धुऊन पूर्ण वाळवा.

अमेरिकेचा मार्ग जमत नसेल तर नॉर्वेच्या ताब्यातला स्वालबार्ड द्वीपसमूह बघा. लाँगयिअरब्येनच्या विद्यापीठ केंद्रात आर्क्टिक जीवशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. न्यू ऑलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून आहे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या प्रदेशाच्या, बाहेर आहे. म्हणून येता-जाता दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसाच मागा.

२९ ऑगस्टला रात्रभर पाऊस पडला. सकाळी नदीचा आवाज बदललेला होता. डबकी एकमेकांना जोडली गेली होती आणि कालपर्यंत मोजलेले मासे त्यांत नव्हते. पुढचे चार दिवस आम्ही फक्त वरच्या अँटेनाची नोंद उतरवत होतो. निघायच्या आदल्या सकाळी यादीत एक क्रमांक दिसला, शेवटचे आकडे ४४१७, वेळ पहाटे २ वाजून ४० मिनिटं. वही उलटून पाहिली. १९ जुलै, लांबी ३१२ मिलिमीटर, अक्षर माझं. मी मॅडमना पान दाखवलं. त्यांनी त्या ओळीसमोर पेन्सिलीने एक छोटी खूण केली आणि म्हणाल्या, "पुढचा वाच."