रीडिंग एक, पॅनल चार : पायसाइडमध्ये डेटा वाटून घेण्याचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपसाठी शाफ्टचा व्यास तपासणारा डेस्कटॉप प्रोग्राम केला, पायथन आणि पायसाइड ६ मध्ये. पायसाइड म्हणजे खिडक्या, टेबलं, बटणं बनवणारी क्यूटी ही लायब्ररी पायथनमधून वापरायचं साधन. जॉबचं माप २५ मिमी, टॉलरन्स अधिक-उणे २० मायक्रॉन, म्हणजे ०.०२० मिमी. गेजची केबल सिरियल पोर्टला. स्क्रीनवर चार पॅनल : वर लॉटची माहिती आणि लिमिट भरायचा फॉर्म, डावीकडे रीडिंगचं टेबल, उजवीकडे आलेख आणि खाली लेथपाशी उभं राहूनही वाचता येईल असा मोठा आकडा, पास असेल तर हिरवा, नाहीतर लाल. हे चारही पॅनल सुटे सुटे बनवणं सोपं गेलं. सगळा वेळ खाल्ला तो एकच रीडिंग चारही ठिकाणी बरोबर दिसण्यानं.

सुरुवातीला सरळ रस्ता धरला होता : टेबलनं मेन विंडोला गाठायचं आणि तिच्यातून आलेखाला हात घालायचा. कोडमध्ये पेरेंटचा (ज्याच्या आत पॅनल बसवलंय त्याचा) पेरेंट अशी साखळी. टेबल आणि आलेख यांच्यामध्ये ओढता येणारी पट्टी हवी म्हणून दोन्ही क्यूस्प्लिटरमध्ये टाकले आणि साखळी तुटली, कारण स्प्लिटर आत येणाऱ्या प्रत्येक विजेटचा, म्हणजे स्क्रीनवरच्या घटकाचा, पेरेंट स्वतःच होतो. त्याहून वाईट म्हणजे आकडा तीन ठिकाणी साठवला जात होता : टेबलच्या सेलमध्ये मजकूर म्हणून, आलेखाच्या यादीत आणि लेबलवर. एक सेल दुरुस्त केला की सरासरी जुन्याच आकड्यावर निघायची. चार पॅनल एकमेकांशी थेट बोलू लागले तर वाटा बारा होतात, आणि पाचवं पॅनल आलं की वीस.

म्हणून आधी कागदावर एकच प्रश्न सोडवला : कोणता आकडा कोणाच्या मालकीचा? लिमिट आणि लॉट क्रमांक एका साध्या क्यूऑब्जेक्टकडे, म्हणजे बदल झाला की ‘सिग्नल’ नावाचा निरोप सोडू शकणाऱ्या क्यूटीच्या मूळ ऑब्जेक्टकडे, दिले. त्यात विजेट एकही नाही. तो प्रत्येक पॅनलला कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे बनतानाच, मिळतो. ग्लोबल व्हेरिएबल मुद्दाम टाळलं, कारण दोन लॉट शेजारी-शेजारी उघडले की ग्लोबलमध्ये त्यांची सरमिसळ होते. सिग्नल क्लासच्या पातळीवर लिहावे लागतात. इनिटच्या (कन्स्ट्रक्टरच्या) आत लिहिले तर ऐकणाऱ्याशी कनेक्ट करतानाच एरर येते.

रीडिंगचं मात्र वेगळं झालं. तीही त्याच ऑब्जेक्टमध्ये ठेवून ‘रीडिंग आलं’ असा सिग्नल द्यायचा, हा पहिला बेत. पण क्यूटीच्या टेबल मॉडेलला, म्हणजे टेबलचा डेटा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टला, ओळ यादीत पडण्याआधी बिगिनइन्सर्टरोज हा कॉल हवा आणि पडल्यावर एंडइन्सर्टरोज. सिग्नल पोचतो तेव्हा ओळ पडून गेलेली असते. मग एक तर ‘येणार आहे’ आणि ‘आलं’ असे दोन सिग्नल ठेवा, नाहीतर यादीच मॉडेलच्या ताब्यात द्या. मी दुसरा मार्ग घेतला. क्यूअॅब्स्ट्रॅक्टटेबलमॉडेलपासून घेतलेलं मॉडेल हेच रीडिंगचं एकमेव घर, आणि आलेख त्याच मॉडेलचे रोजइन्सर्टेड, डेटाचेंज्ड आणि मॉडेलरीसेट (ओळी आल्या, आकडे बदलले, सगळं नव्यानं भरलं) हे तीन सिग्नल ऐकतो. बिगिनइन्सर्टरोजचे दोन्ही आकडे, पहिली आणि शेवटची नवी ओळ, धरून मोजायचे असतात, मोजणी शून्यापासून. दहा ओळींनंतर एक ओळ घालायची तर १० आणि १०. तिथे १० आणि ११ लिहिलं तर टेबल नसलेली ओळ मागायला जातं.

साठवण पूर्णांकात, मायक्रॉनमध्ये : २५.०१२ मिमी म्हणजे २५०१२. दशांश अपूर्णांक फ्लोटमध्ये तंतोतंत बसत नाहीत, आणि ऐन लिमिटवरचा जॉब त्या फरकानं रिजेक्ट होणं वर्कशॉपला परवडत नाही. मॉडेलकडून काय हवं ते ‘रोल’ नावाच्या क्रमांकानं सांगायचं असतं : टेबलला डिस्प्लेरोलमधून मजकूर मिळतो, आलेखाला यूजररोलमधून, म्हणजे क्रमांक २५६ मधून, पूर्णांक. रंग कुठेच साठवलेला नाही. बॅकग्राउंडरोल विचारला की त्या क्षणीच्या लिमिटवरून तो काढला जातो. लिमिट बदललं की मॉडेल सगळ्या ओळींसाठी एकच डेटाचेंज्ड पाठवतं, रोल फक्त रंगाचा. टेबल रिकामं असेल तर पाठवायचं नाही, कारण तिथे वैध इंडेक्सच नसतो.

मॉडेल आणि दृश्य वेगळं ठेवण्याचा हा विचार नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीनस्काउग यांनी झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात १९७९ च्या सुमारास मांडला. क्यूटीत तो मॉडेल-व्ह्यू रचनेच्या रूपात २००५ मध्ये, चौथ्या आवृत्तीत आला. तरी आपण अजून लेबलवरचा मजकूर वाचून हिशेब करतो. ही सवय मोडायलाच हवी.

फॉर्मनं सगळ्यात जास्त छळलं. दशांश आकडा भरायचा क्यूडबलस्पिनबॉक्स मुळात दोनच दशांश ठेवतो आणि कमाल ९९.९९. लिमिट २५.०१५ दिलं की तो ते दोन दशांशांत बसवतो, बदललेला आकडा सिग्नलनं परत पाठवतो आणि मूळ लिमिटच बिघडतं. एरर कुठेच दिसत नाही, हिरवा-लाल निकाल मात्र चुकू लागतो. सेटडेसिमल्स ३ करा आणि कमाल मर्यादा वाढवा, दोन्ही पहिला आकडा भरण्याआधी. शिवाय कीबोर्डट्रॅकिंग बंद करा. नाहीतर २५.०२ टाइप करताना मधल्या प्रत्येक कळीला सिग्नल सुटतो आणि क्षणभर लिमिट २ मिमी होतं. फॉर्म आणि ऑब्जेक्ट एकमेकांना बदलत राहू नयेत म्हणून सेटरची पहिली ओळ : नवा आकडा जुन्याइतकाच असेल तर परत फिरा.

टेबलमधली ओळ निवडली की आलेखातला ठिपका ठळक व्हावा, यासाठी टेबलचं सिलेक्शनमॉडेलच, म्हणजे कोणती ओळ निवडली याची नोंद ठेवणारा ऑब्जेक्टच, आलेखाला दिलं. टेबलला मॉडेल जोडणारं सेटमॉडेल केलं की नवं सिलेक्शनमॉडेल तयार होतं, त्यामुळे आधी केलेलं कनेक्शन निकामी ठरतं. क्रम सांभाळा. सॉर्टिंगसाठी मध्ये प्रॉक्सी (क्रम बदलून दाखवणारं मधलं मॉडेल) असेल तर मॅपटूसोर्सनं मूळ ओळ शोधल्याशिवाय ओळ क्रमांक वापरू नका, भलताच ठिपका उजळतो. आणि मॉडेल सेल्फवर धरून ठेवा. व्ह्यू मॉडेलची मालकी घेत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम. पोर्ट वाचणारा वर्कर क्यूथ्रेडमध्ये. तो विजेटला कधीच हात लावत नाही, फक्त सिग्नल सोडतो. ऐकणारा ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडमधला असेल तर क्यूटी आपोआप सिग्नल रांगेत टाकतं. थ्रेड कोणता हे ऐकणाऱ्या ऑब्जेक्टवरून ठरतं, म्हणून स्लॉटच्या (सिग्नल ऐकणाऱ्या फंक्शनच्या) जागी नुसतं लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) नको, क्यूऑब्जेक्टची मेथड द्या. दोन चुका इथे हमखास होतात. ऑब्जेक्ट प्रकारच्या सिग्नलमधून पायथनची यादी पाठवली आणि लगेच क्लिअर केली, तर रांगेतून ती रिकामीच पोचते. टपल, म्हणजे न बदलणारी यादी, पाठवा. दुसरी : इंट प्रकारचा सिग्नल ३२ बिटांचा असतो, १९७० पासूनचे मिलीसेकंद त्यात मावत नाहीत, वेळ चुकीची येते.

पोर्टवर ओळ एकसंध येईलच असं नाही. ‘२५.०’ आधी आणि ‘१२’ नंतर असंही येतं, म्हणून ओळ संपेपर्यंत बफर. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, दहा बिटांचं एक अक्षर धरलं तर सेकंदाला ९६० अक्षरं. आठ अक्षरांची ओळ म्हणजे जास्तीत जास्त १२० रीडिंग. दर रीडिंगला आलेख रंगवण्यापेक्षा १०० मिलीसेकंदांचा टायमर लावून जमलेली सगळी रीडिंग, म्हणजे फार तर बाराच्या आसपास, एकाच बिगिनइन्सर्टरोजमध्ये घातली. स्क्रीनचं अडखळणं तिथेच थांबलं.

बंद करतानाचा क्रमही लिहून ठेवा. वर्करच्या वाचनाला ०.१ सेकंदाचा टाइमआउट हवा आणि प्रत्येक फेरीत थांबण्याची खूण तपासायला हवी. वर्कर वाचत अडकला असेल तर त्याच्याकडे सिग्नलनं निरोप पोचत नाही, म्हणून खूण पायथनच्या थ्रेडिंग इव्हेंटनं, म्हणजे दोन्ही थ्रेडना दिसणाऱ्या झेंड्यानं. मग थ्रेडला क्विट, मग तो संपेपर्यंत वेट, आणि त्यानंतरच विंडो बंद.

बसवायला गुरुवार घेतला, कारण एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी असते. मशीन बंद, गेजही बंद. म्हणून वर्करच्या जागी ५००० ओळींची मजकूर फाइल वाचणारा दुसरा वर्कर लावला, तोच सिग्नल सोडणारा. चारही पॅनलच्या कोडमध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही.